पस्तीस की छत्तीस

प्रयोगशाळेत तिला सगळे कंसबाई म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिला माहीत होतं. प्रोग्रॅम लिहिताना उघडलेला प्रत्येक कंस बंद झाला पाहिजे, नाहीतर सगळं मुसळ केरात, हे ती नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवायची आणि मग तोच नियम सगळ्या जगाला लावायची. कुणी फ्रीजचं दार नुसतं लोटून गेलं की ही उठून ते दाबणार. कुणी वाक्य अर्धं सोडलं की ही विचारणार, “म्हणजे?” घरून निघताना कुलूप तीनदा ओढून बघायची आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन चौथ्यांदा परत यायची. चव्वेचाळीस वर्षांची एकटी बाई. चोरानं यावं असं घरात काही नव्हतं, दोन खुर्च्या आणि एक म्हातारा कॉम्प्युटर. पण जिवाला स्वस्थता म्हणून नाही. पायाला भिंगरी आणि डोक्यात भुंगा, असं तिचा धाकटा भाऊ म्हणायचा, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर होती. एका दारानं रक्ताच्या नळ्या आत यायच्या, मशीन त्यातल्या डीएनएची चार अक्षरं वाचायचं, आणि त्या लांबलचक रांगा कंसबाईच्या प्रोग्रॅमांकडे यायच्या. कुठे अक्षर बदललंय, कुठे गळलंय, कुठे जास्त झालंय, ते प्रोग्रॅम सांगायचे. नळ्यांचं काम एक काका बघत. निवृत्तीला आलेला माणूस. त्यांना चहाबरोबर काहीतरी ऐकायला लागायचं आणि हिला काहीतरी सांगायला, त्यामुळे दोघांचं छान जमायचं.

“काका, तुमच्या डोळ्याच्या पेशीत जो मजकूर आहे ना, तोच टाचेच्या पेशीत आहे. अक्षरन् अक्षर तोच. मग टाचेला दिसत का नाही?”

“टाचेला दिसलं असतं तर काल खिळा कशाला घुसला असता?”

“कारण मधे ‘जर’ बसलाय. जर डोळ्यात असशील, तर हा भाग चालव, नाहीतर गप्प बस. आम्ही लिहितो तसंच अगदी. आणि जो भाग वाचायचाच नाही त्यावर पेशी खूण करून ठेवते. आम्ही नाही का एखादी ओळ नुसता शेरा म्हणून ठेवत? ओळ असते, पण चालत नाही.”

“आमच्या जावयाच्या डोक्यावर केलीय कुणीतरी तशी खूण,” काका म्हणाले.

“आणि सुरू करायला एकच शब्द आहे, तीन अक्षरांचा. थांबायला मात्र तीन वेगवेगळे आहेत. निसर्गालासुद्धा थांबण्याची काळजी जास्त.”

“तुम्हाला त्यातला एकही सापडत नाही,” असं म्हणून काका कप विसळायला उठायचे. रोजचं होतं हे.

हे सगळं ती हसत सांगायची. एका ठिकाणी मात्र तिचं हसू आटायचं. चौथ्या गुणसूत्राच्या टोकाजवळ सी-ए-जी हा तीन अक्षरी शब्द ओळीनं पुन्हा पुन्हा येतो. प्रोग्रॅम लिहिणारा तिथे लूप टाकेल: हे इतक्या वेळा कर. निसर्गाला ती सोय नाही, तो तीच गोष्ट परत परत उतरवत बसतो, शाळेत शिक्षा म्हणून लिहायला लावतात तशी. आणि तसं उतरवताना डोळा घसरतो, एखादी ओळ जास्त पडते, हे शिक्षा भोगलेल्या कुणालाही ठाऊक आहे. सव्वीस वेळांपर्यंत काहीच बिघडत नाही. पस्तीसपर्यंत त्या माणसाला धोका नाही, फक्त पुढच्या पिढीत आकडा सरकू शकतो. छत्तीस ते एकोणचाळीस म्हणजे आजार होईलही, होणारही नाही. चाळीस आणि त्यापुढे म्हणजे होणारच.

तिच्या आईचा आकडा एकोणचाळीस होता. सत्तावन्नाव्या वर्षी आईच्या हातून वस्तू पडायला लागल्या. मग बोटं आपोआप हलू लागली, मग खांदे, मग मान. आजाराला एका डॉक्टरचं नाव आहे, ते घरात कुणाच्या तोंडी बसलं नाही. घरात त्याला ‘हलणं’ म्हणत. शेवटी शेवटी आई दोन्ही मुलांना ओळखायची आणि ओळखून चिडायची, आणि हे न ओळखण्यापेक्षा वाईट होतं. सहासष्टाव्या वर्षी ती गेली, त्याला आता दोन वर्षं झाली होती. मुलांच्या वाट्याला प्रत्येकी निम्मी शक्यता आली, नाणं उडवावं तशी.

आता गंमत बघा. जगाचे आकडे मोजणाऱ्या या बाईनं स्वतःचं रक्त मात्र कधी त्या नळीत घातलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. काकांनी एकदा विषय काढून बघितला तर म्हणाली, “माझं काय हो? ना नवरा, ना मूल. मला कळून कुणाचं भलं होणारय?” उत्तर तयार ठेवलेलं होतं. पण हातातून चमचा पडला की ती तो तसाच पडू द्यायची. मग ती हात समोर धरून बोटांकडे बघत बसायची, हलतायत का. आणि असं टक लावून बघितलं की हलतातच, कुणाचीही हलतील.

भाऊ तिच्याहून सात वर्षांनी लहान. तो लोखंडी कठडे करायचा, जिन्यांचे, गच्च्यांचे, खिडक्यांचे. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी त्याच्या एकाही शर्टाला धड बाही उरली नव्हती. लग्न उशिरा झालं होतं. बायकोला मूल हवं होतं आणि याला त्याहून जास्त, पण तो म्हणाला, आधी मोजू, मग बघू. आठ महिन्यांपूर्वी तो बहिणीच्या प्रयोगशाळेत आला.

तिथली एक पद्धत होती. या आजाराचा आकडा फोनवर सांगायचा नाही, कागदावर पाठवायचा नाही. कोपऱ्यातल्या लहान खोलीत, खुर्चीत बसवून, समुपदेशकबाईंनी तो तोंडानं सांगायचा, आणि ऐकणाऱ्याबरोबर त्यानं स्वतः निवडलेलं एक माणूस असायलाच हवं. फॉर्मवर त्या माणसाचं नाव लिहावं लागे. भावानं लिहिलं, ताई.

“पस्तीस,” बाई म्हणाल्या.

त्यानं आधी ताईकडे बघितलं. ती मान हलवून हसली तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. बाहेर येऊन त्यानं तिला उचललीच. “पस्तीस! ताई, काठावर पास! आयुष्यभर गणितात मिळाले तेवढेच!” पुढच्या पिढीबद्दल बाई जे बोलल्या ते त्यानं ऐकलंही नव्हतं. आता भावजयीला सहावा महिना लागला होता.

तर अशी ही सगळी घडी बसलेली असताना, दुसऱ्या एका प्रयोगशाळेकडून एक कागद आला. वर्षातून एकदा दोन्हीकडचे लोक एकमेकांना रक्ताचे काही नमुने पाठवायचे आणि निकाल ताडून बघायचे. एका नमुन्यापुढे त्यांनी बावीस लिहिलं होतं. इथे आलं होतं एकवीस.

“एकाचा फरक चालतो,” काका म्हणाले. “नियमातच आहे तसं. करा सही.”

“चालतो,” ती म्हणाली. आणि सही न करता कागद घेऊन जागेवर गेली.

दिवसभर ती त्या एकाभोवती घिरट्या घालत राहिली. उठली, बसली, पाणी प्यायली, खिडकी उघडली, लावली. मशीन चुकलं असेल म्हणून नमुना पुन्हा चालवला. एकवीस. हातानं मोजू म्हणून अक्षरांची रांग छापून घेतली आणि पेन्सिलीनं एकेका शब्दाला टिंब देत गेली. बावीस. पुन्हा मोजलं. बावीस. मग तिनं आपला प्रोग्रॅम उघडला, पण तो उघडायच्या आधीच तिला कळलं होतं.

दहा महिन्यांपूर्वी तिनं त्या प्रोग्रॅमची साफसफाई केली होती. जुना प्रोग्रॅम तिचाच, पण ओबडधोबड. पहिला शब्द सापडला, पुढचा बरोबर तीन अक्षरांवर आहे का, असेल तर एक उडी मोज, मग पुढची. उड्या संपल्या की अधिक एक. ते ‘अधिक एक’ तिला दोन ठिकाणी दिसलं आणि ती स्वतःशीच हसली होती, काय गबाळेपणा म्हणून. एक खोडून टाकलं. पण दुसऱ्या ठिकाणचं अधिक एक वेगळ्याच कामासाठी होतं. कॉम्प्युटर जागा मोजताना शून्यापासून मोजतो आणि माणूस एकपासून, म्हणून जागेचा क्रमांक माणसांना दाखवताना ते लागायचं. दोन्ही दिसायला सारखी. खोडलं ते नको होतं खोडायला. उड्या राहिल्या आणि शब्द एकानं कमी झाला. रोजच्या तपासणीचे नमुने अठराचे आणि पंचेचाळीसचे, त्यांत एकाची सूट दिलेली. शितावरून भाताची परीक्षा करायला गेले आणि शितच तेवढं शिजलेलं निघालं. कुणाला कळणार? कंस सगळे बंद होते.

ती मुख्य डॉक्टरबाईंच्या खोलीत गेली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. दहा महिन्यांत त्रेसष्ट रिपोर्ट गेले. सगळ्यांत आकडा एकानं कमी आहे. निकाल बदलतो तो दोघांचाच.

“कुणाकुणाचा?”

“एकाचे सव्वीसचे सत्तावीस होतात. त्यांना स्वतःला काही नाही.” तिनं हातातला कागद टेबलावर ठेवला. “दुसऱ्याचे पस्तीसचे छत्तीस. तो माझा भाऊ आहे.”

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, “साठवलेलं रक्त पुन्हा मोजू. बाहेरूनही मोजून घेऊ. नऊ-दहा दिवस लागतील. तोवर कुणी कुणाला काही सांगायचं नाही. एक चूक झालीच आहे, तिच्यावर दुसरी नको.”

“मी त्याला...”

“तुम्ही तर मुळीच नाही. तुम्ही प्रोग्रॅम लिहिणाऱ्या आहात आणि त्याची सोबतही आहात. दोन्हीतलं काही चुकवू नका.”

नियम बरोबर होता. तिलाही तो पटत होता, आणि त्यामुळेच तिचा जीव जास्त टांगणीला लागला. नियम चुकीचा असता तर मोडला तरी असता.

ते नऊ दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिला माहीत. ती ओळ दुरुस्त करायला एक मिनिट लागलं. त्यानंतर रोज ती ती ओळ उघडून बघायची, आहे ना जागेवर. ऑफिसला चालत जायची, मधेच बसमधे चढायची, दोन थांब्यांनी उतरून परत चालायला लागायची. काका गमतीत म्हणाले, “आज टाचेला दिसायला लागलं की काय?” तर ती त्यांच्या अंगावर ओरडली, आणि मग दुपारभर त्यांच्यासाठी तीनदा चहा करून आणला. फोन वाजला की भावाचाच असेल असं वाटायचं, आणि तो खरंच त्याचाच असायचा. रविवारी ये म्हणून. पाळणा करायला घेतलाय म्हणून.

न जावं तर त्याला शंका येणार. ती गेली.

घराच्या मागच्या पत्र्याखाली त्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक टेबल, एक वेल्डिंगचं मशीन आणि भिंतीला टेकवलेल्या सळया. भावजय पोटावर हात ठेवून पायरीवर बसली होती आणि त्याला सांगत होती की लोखंडी पाळण्यात झोपणारं हे जगातलं पहिलं मूल असेल.

“तुरुंगात जन्माला आल्यासारखं वाटेल त्याला.”

“अगं, मजबूत आहे. ताई, ये, ही टेप धर जरा. गज किती बसतात ते बघायचंय. मधे चार बोटांएवढीच जागा पाहिजे, डोकं अडकायला नको.”

तिनं टेप धरली. एका बाजूच्या गजांवर त्यानं खडूनं खुणा केल्या होत्या. ती एकेका फटीवर बोट ठेवत गेली आणि म्हणाली, “सहा.”

“सात,” तो न बघता म्हणाला.

“सहाच आहेत.”

तो वळला, बघितलं, आणि खो-खो हसायला लागला. “अगं, तू जागा मोजल्यास! गज मोजायचे. जागांपेक्षा गज नेहमी एक जास्त. नवा माणूस पहिल्या दिवशी हीच चूक करतो. आणि ही म्हणे कॉम्प्युटरवाली!”

भावजय हसली. तीही हसली. हसू चेहऱ्यावर तसंच धरून ती नळाशी गेली आणि तोंडावर पाणी मारत उभी राहिली. आता सांगून टाकावं. इथेच. या दोघांसमोर. नियम गेला खड्ड्यात. ती परत आली तेव्हा भाऊ गुडघ्यावर बसून पाळण्याच्या कडेवरून तळहात फिरवत होता, कुठे टोचतंय का ते बघायला.

“ताई, बरं वाटत नाहीये का तुम्हाला?” भावजयीनं विचारलं.

“काही नाही गं. ऊन लागलं जरा.”

जेवायला तिला वाढलं ते तिनं संपवलं. काय जेवली ते तिला आठवलं नसतं.

नवव्या दिवशी दोन्हीकडचे कागद आले. छत्तीस आणि छत्तीस. समुपदेशकबाईंनी भावाला फोन केला, जरा येऊन जा म्हणून, सोबत घेऊन. पुढच्या मिनिटाला त्याचा ताईला फोन.

“काय भानगड आहे गं?”

“ये तू. मी आहे इथे.”

“बरं,” म्हणाला.

तो कामावरून तसाच आला. हाताला लोखंडाचा काळा रंग. लहान खोलीत तिघं बसली. समुपदेशकबाईंनी पद्धतीप्रमाणे सांगितलं, तुमच्या रिपोर्टात दुरुस्ती आहे. ती ऐकायची की नाही हे तुमच्या हातात आहे. नको असेल तर आत्ता उठून जाऊ शकता, नंतर कधीही येऊ शकता.

त्यानं बाईंकडे बघितलंच नाही. “हिला माहीत आहे?”

“हो,” ताई म्हणाली.

“कधीपासून?”

“नऊ दिवस.”

त्याचे ओठ हलले. तो दिवस मोजत होता. “म्हणजे रविवारी.”

“हो.”

“सांगा,” तो बाईंना म्हणाला.

“छत्तीस.”

मग बाईंनी ते सगळं सांगितलं जे सांगायचं असतं. छत्तीसवाल्या पुष्कळांना आयुष्यभर काही होत नाही. झालं तरी बहुतेक उतारवयात होतं. आजार नक्की असं कुणी म्हणत नाही, नाही असंही म्हणता येत नाही. तो मान डोलवत होता, आणि ताईला दिसत होतं की एक अक्षर त्याच्या कानात शिरत नाहीये.

“असं कसं झालं?” त्यानं मधेच विचारलं. “आठ महिन्यांत रक्तात वाढ झाली?”

“नाही रे,” ती म्हणाली. “रक्त तेच आहे. चूक माझी. गज मोजायचे सोडून मी जागा मोजल्या.”

त्याला लगेच कळलं. डॉक्टरबाईंना समजवायला तिला दोन कागद भरावे लागले होते, त्याला एक वाक्य पुरलं. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आल्यासारखं झालं, नवा माणूस चुकला की येतं तसं, आणि मग ते हसू तिथेच विटलं.

“रविवारी तू सहा म्हणालीस,” तो म्हणाला. “मी तुला हसलो. तुला माहीत होतं मी कशाला हसतोय. आणि तूही हसलीस.”

“हसले.”

“कशी हसलीस ताई तू?”

नियम होता, असं म्हणता आलं असतं. खरंही होतं. पण पाठच्या भावाला नियम सांगायचा म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवण्यासारखंच होतं. “मला लाज वाटते,” ती म्हणाली. “तेव्हाही वाटत होती.”

त्यानं बाळाचं विचारलं. बाई म्हणाल्या, निम्मी शक्यता. आणि वडिलांकडून येताना आकडा वाढण्याचीही शक्यता असते. मूल जन्मलं की ते मोठं होईपर्यंत आम्ही मोजत नाही. मोजायचं की नाही हे त्याचं त्यानं ठरवायचं. तो उठला, बाईंना नमस्कार केला आणि बाहेर पडला. ती त्याच्या मागोमाग जिना उतरायला लागली. वाटेत काका नळ्यांचा ट्रे घेऊन भिंतीला चिकटून उभे राहिले.

दुसऱ्या मजल्यावर तो थांबला. “तू ती ओळ दुरुस्त केलीस ना?”

“त्याच दिवशी.”

“मग माझ्यात काय बदललं?”

“काहीच नाही.”

“मग दुरुस्त काय केलंस?”

“कागद,” ती म्हणाली.

इतकी वर्षं ती चहाच्या कपावर ऐट मारत आली होती की पेशी आणि प्रोग्रॅम एकच. आपण लिहितो तसंच अगदी! आपल्याकडे ओळ चुकली तर प्रोग्रॅम थांबवतात, ओळ बदलतात, पुन्हा पहिल्यापासून चालवतात, आणि मधल्या चुकीची खूणही राहत नाही. इथे जे चालू झालंय ते थांबवून कुणाला पुन्हा सुरू करता येत नाही. लिहिणारा कुठे भेटत नाही की त्याला विचारावं, बाबा, ही ओळ इतक्या वेळा का लिहिलीस. तिला आपल्या त्या सगळ्या बडबडीचा संताप आला. जिन्याच्या कठड्यावर तिची बोटं वाजत होती. ती तिनं मुठीत धरली.

भाऊ खालच्या पायऱ्यांकडे बघत होता. “मोठं होईपर्यंत म्हणजे अठरा वर्षं. तेव्हा मी पंचावन्न.”

“हो.”

“आईचं सत्तावन्नला सुरू झालं. माझं कदाचित आधी, कदाचित कधीच नाही. पण समज झालं. समज डोकं जागेवर नसलं माझं. मग त्या पोराला कोण सांगणार? आजी कशानं गेली, बाप असा का करतो, तुला तुझं मोजायचंय का. हे असं समोर बसवून, नीट, न घाबरवता. बायकोवर मी हे टाकणार नाही. तिनं लग्न केलं ते माझ्याशी, आपल्या रक्ताशी नाही.”

“मी सांगेन,” ताई म्हणाली.

“तू?”

“सगळं सांगेन. लपवणार नाही. नऊ दिवस तर नाहीच नाही. वचन देते तुला.”

त्यानं मान वर केली आणि तिच्याकडे नीट बघितलं, आज पहिल्यांदाच. राग होता त्या बघण्यात, पण रागाखाली दुसरंही काहीतरी होतं, लहानपणी ती शाळेच्या फाटकाशी यायला उशीर करायची तेव्हा असायचं तसं.

“अठरा वर्षांनी तू बासष्ट,” तो म्हणाला. “असशील तू सांगायला?”

तिनं तोंड उघडलं. ना नवरा, ना मूल, मला कळून कुणाचं भलं, हे दहा वर्षं जिभेवर ठेवलेलं उत्तर आलं आणि बाहेर पडेना. भलं कुणाचं होणार होतं ते सहा महिन्यांचं होतं आणि अजून जन्मायचं होतं.

“माहीत नाही,” ती म्हणाली.

“वचन देतेस आणि माहीत नाही.”

“खरंच माहीत नाही रे.”

“मग वर जा आणि त्या बाईंकडे नाव घाल,” तो म्हणाला. “मला घरी जाऊन तिला सांगायचंय. निम्मंच सांगून मला नाही चालणार.” तो तिथेच पायरीवर बसला आणि काळे हात गुडघ्यांवर ठेवले. “जा. मी थांबतो.”

ती वळली आणि परत तिसऱ्या मजल्याकडे निघाली, कारण दीड वाजत आला होता आणि समुपदेशकबाई जेवायला निघायच्या आत तिला पोचायचं होतं.